म्हातारीचा डावा पंख

आमचं घर वर-खाली होतं. खरोखर नाही हो, घड्याळात. स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीशेजारी मामाने विमानातलं उंची दाखवणारं घड्याळ ठोकलंय. ते हवेच्या दाबावर चालतं. विमान वर गेलं की दाब कमी होतो आणि काटा पुढे सरकतो. आता ते भिंतीवरून हलत नाही, पण वारावादळ यायचं असलं की दाब उतरतो आणि बिचाऱ्याला वाटतं, आपणच वर निघालो. आई सकाळी चहा गाळता गाळता काट्याकडे बघते आणि ओरडते, "घर वर गेलंय गं! कपडे आत घे!"

ते घड्याळ म्हातारीचं. म्हातारी म्हणजे मामाचं ग्लायडर, बिनइंजिनाचं, दोन माणसांचं, लाकडाचं आणि कापडाचं. मामा तिच्यातच उडायला शिकला आणि मग जन्मभर ग्लायडरं दुरुस्त करत राहिला. दोन वर्षांपूर्वी तपासनीस आले, त्यांनी पंखांच्या आतल्या तुळईवर टकटक केलं, जुना डिंक सुटलाय म्हणाले, आणि म्हातारी कायमची जमिनीवर बसली. सगळ्यांनी ते मान्य केलं. मामाने मात्र नाही. तो दर रविवारी उडण्याच्या मैदानावरच्या शेडमध्ये जाऊन तिला अशी पुसायचा, जणू सोमवारी उडायचंय.

मग शेडच रिकामी करायची पाळी आली. भंगारवाला आला, म्हातारीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "लोखंड तेवढं नेतो. लाकूड जाळून टाका." त्या दिवशी मामा आमच्याकडे जेवायला बसला आणि भात चिवडत राहिला. मामा म्हणजे खाण्याच्या बाबतीत कधी नाही न म्हणणारा माणूस.

"मामा, तिला आमच्या शाळेत नेऊ या," मी म्हटलं.

"शाळेत? तिथे काय, तिला पाढे शिकवणार?"

"फाटकाजवळच्या बाकावर पोरं बसची वाट बघत उन्हात भाजतात. तिथे पंखाचं छप्पर करू."

"पंख कापायचा नाही," मामा ताडकन म्हणाला.

"कापायचा कशाला? ग्लायडरचे पंख सुटे होतात, तूच शिकवलंयस."

मामाने भातावर आमटी ओतून घेतली. म्हणजे विचार करतोय.

आता खरं सांगायचं तर वर्षापूर्वीची मी असते तर हे मनातच राहिलं असतं. वर्गात मला 'म्यूट' म्हणायचे. मग एकदा वादविवाद स्पर्धेत आमची बोलणारी मुलगी तापाने पडली, बाईंनी मला ढकललं, आणि मी जे सुरू झाले ते आजतागायत. आई म्हणते, "नळ दुरुस्त करून घेतला आणि आता बंदच होत नाही." तर मी थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. त्यांच्यासमोर शिपायाचासुद्धा आवाज फुटत नाही.

"आणि ते डोक्यावर पडलं तर?" मोठ्या बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"बाई, मामा विमानं दुरुस्त करतो. त्याचं काही पडत नाही!"

हे वाक्य पुढे मला चांगलंच भोवलं. तेव्हा मात्र बाई जरा हसल्या. "ठीक आहे. आधी एक पंख लावा. मी स्वतः खाली बसून बघणार. पसंत पडला तर सगळं विमान घेऊ. वाचनालयाला कोपरा हवाच आहे, तिथे विमानातली दोन माणसांची बसायची जागा ठेवू. पण मनाला पटलं नाही, तर एक खिळासुद्धा आत येणार नाही."

म्हणजे सगळी म्हातारी आता एका डाव्या पंखावर लटकली.

मामाने पंख टेम्पोत चढवायच्या आधी त्यावर खडूने भलामोठा बाण काढला आणि लिहिलं, 'ही बाजू वर'. तो प्रत्येक गोष्टीवर लिहितो. आमच्या फ्रिजवरसुद्धा लिहिलंय. मग त्याने लोखंडी पाइपांचे चार पाय जोडले, त्यांवर पंखाच्या आकाराची लाकडी खोबण बसवली, आणि पंख वर ठेवला. पुढची कड जराशी उचललेली, उडताना असते तशी. फटी चिकटपट्टीने बुजवल्या. पॉलिश मारलं. प्रत्येक नटाला तारेचा पीळ दिला, नट उडताना ढिला पडू नये म्हणून.

"मामा, छप्पर आहे हे."

"म्हणून काय गबाळेपणा करायचा, भाचेबाई?"

पाय नुसतेच मातीत टेकवले होते. काँक्रीट घालायला गवंडी दुसऱ्या दिवशी येणार होता.

बाईंच्या तपासणीच्या दिवशी सकाळी आई ओरडली, "घर चांगलंच वर गेलंय! कपडे!"

"आई, आज कपडे काय घेऊन बसलीस!" म्हणत मी दप्तर उचललं आणि पळाले.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाई चहाचा कप घेऊन आल्या आणि पंखाखालच्या बाकावर बसल्या. अख्खा वर्ग कुंपणाशी. आईही आली होती. ती शिवणकाम करते, म्हातारीच्या सीटबेल्टचे तिने दप्तरांना पट्टे शिवले होते, ते दाखवायला. मामा इस्त्रीचा शर्ट घालून परीक्षेला बसल्यासारखा उभा.

बाईंनी वर बघितलं. एक घोट घेतला. "सावली झकास आहे."

आणि शाळेच्या मैदानावरून धुळीचा एक लोट आमच्याकडे निघाला.

आधी पुढचे दोन पाय उचलले गेले, अगदी हळू, आळस दिल्यासारखे. मग मागचे. मग मामा गरजला, "पंख धरा!"

उडण्याच्या मैदानावर ही आरोळी आली की हातातलं टाकून जवळच्या माणसाने पंखाला लोंबकळायचं, विचारायचं नाही. मी लहानपणापासून तिथे खेळलेली, मी टोकाला लटकले. आई दुसरीकडे. आणि मोठ्या बाई दचकून उठल्या आणि त्यांनी समोर आली ती पंखाची कड धरली. एका हाताने. दुसऱ्या हातात कप!

"माझे पाय! माझे पाय टेकत नाहीयेत!"

"बाई, सोडू नका!"

"मी सोडतेय कसली!"

वर्गातली पोरं टाळ्या वाजवत होती. वारा पडला तसा पंख आम्हा सगळ्यांना घेऊन अलगद खाली बसला. कपातला चहा निम्मा उरला होता, हे मोठ्या बाईंचं कौतुकच.

मामा मात्र लहान पोरासारखा हसत होता. डोळे भरलेले. "बघितलंस, भाचेबाई? अजून उचलते ती! अजून दम आहे तिच्यात!"

"तोच तर घोटाळा आहे," बाई पदर सावरत म्हणाल्या. "उतरवा हे."

"बाई, उद्या काँक्रीट होणार आहे," मी घाईघाईने म्हटलं.

"केलंत तरी ते वर ओढतच राहणार. जी वस्तू सारखी निघून जायला बघते तिच्याखाली मी मुलं बसवत नाही."

बरोबरच होतं. मी पंखाकडे बघितलं, फुगीर पाठ, सपाट पोट, आणि बोलून गेले, "मामा, उलटा ठेवला तर? वारा आला की खालीच दाबेल ना?"

मामाचं हसू गेलं. तो खाली वाकून पडलेला पाना शोधायला लागला. पाना त्याच्या खिशात होता.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"पहिल्या दिवसापासून. काँक्रीटने भागेल असं वाटलं." तो पान्याने तळहातावर ठोकत राहिला. "पाठीवर पडलेलं ग्लायडर कधी बघितलंयस? मी बघितलंय. हात धजावत नाही गं. सरळ ठेवला की वाटतं, आज ना उद्या..."

पुढचं तो बोलला नाही. मीही नाही, आणि माझ्यासाठी ते किती अवघड असतं हे तुम्हाला कळलंच असेल.

बोलली आई. थोरली बहीण ती. "बाळ्या, कापडाची उलटी बाजू लावली म्हणून कापड वाया जात नाही. अस्तर होतं त्याचं. आणि अंगाला लागतं ते अस्तरच."

मामाने नाक ओढलं. मग ताठ उभा राहिला आणि कुंपणाकडे बघून म्हणाला, "टाळ्या वाजवणारे सगळे इकडे या! मी म्हणेन तेव्हा उचलायचा, मी म्हणेन तेव्हा फिरवायचा. आणि टोक जमिनीला लागलं तर कान उपटीन!"

आम्ही पंख उचलला. लाकडी खोबणही उलटी करून बसवावी लागली, त्यात सुट्टी संपली, घंटा झाली, बाईंनी ती ऐकलीच नाही असं दाखवलं. पुढची कड आता जराशी खाली. म्हातारीची पाठ, लाल पट्ट्याची, इतकी वर्षं जी फक्त आभाळाला दिसली, ती आता बाकावर बसणाऱ्याच्या डोक्यावर आली.

मोठ्या बाई पुन्हा बसल्या. उरलेल्या चहासकट. आणि आम्ही सगळे वाऱ्याची वाट बघत उभे.

आला! या वेळी पाय कर्रर्र करून मातीत बोटभर रुतले. पंख जागचा हलला नाही. बाईंनी वर लाल पट्ट्याकडे बघितलं, कप तोंडाला लावला आणि वाईट तोंड केलं.

"चहा गार झाला. दुसरा सांगा कुणीतरी, मी बसलेय." मग मामाकडे वळून म्हणाल्या, "आणि बाकीची कधी आणताय?"

मामा लगेच नटांच्या तारा तपासायला वाकला. तेव्हा मीच सांगितलं, भरपूर सांगितलं. बसायची जागा वाचनालयात, तिच्यावरचं काचेचं झाकण रोपांवर, चाक माळीकाकांच्या हातगाडीला. बाई म्हणाल्या, "पुरे, पुरे."

शनिवारी आम्ही उजवा पंख आणायला शेडमध्ये गेलो. मामाने तो उलटा करून घेतला, खिशातून खडू काढला, कापडावरची धूळ बाहीने पुसली. मग म्हातारीच्या पोटावर भलामोठा बाण काढला आणि लिहिलं, 'ही बाजू वर'.

त्या रात्री त्याने तीनदा भात घेतला.

आणि हो, त्या वाऱ्याच्या दिवशी आमचे कपडे शेजाऱ्यांच्या गच्चीवर सापडले. आई अजून मला बोलतेय.