बटेरांची पेटी

बल्ब विझला तेव्हा स्वरूपा उबवणीच्या पेटीच्या काचेवर नाक टेकवून बसली होती. आत काळ्या-तपकिरी ठिपक्यांची, मोठ्या बोराएवढी अंडी मांडलेली होती. त्यातलं कोपऱ्यातलं एक नुकतंच हललं होतं, निदान तिला तसं वाटलं होतं. पेटीतला छोटा पंखा मंदावत गेला आणि थांबला. रस्त्यापलीकडच्या वर्कशॉपमधला ठोकाही बंद पडला. म्हणजे फक्त घरातली नव्हे, सगळ्या वाडीची लाईट गेली होती.

आज गुरुवार होता. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे चाकण परिसरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिनं अंडी कधी ठेवायची, कधी फिरवायची, कधी फिरवणं बंद करायचं, सगळं पाठ केलं होतं. पिल्लं फुटायच्या दिवसांत गुरुवार येतो आहे, एवढंच तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिनं नवऱ्याला, नवनाथला, फोन लावला. रिंग वाजत राहिली. तो पहिल्या शिफ्टला होता आणि त्यांच्या कंपनीच्या लाईनवर मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागे. मग तिनं रावेतच्या तेजस्विनीला लावला. तेजस्विनी गच्चीवर बटेर, म्हणजे लाव्ह्याच्या जातीची पाखरं, पाळायची. अंडी तिनंच दिली होती, पेटीही तिचीच जुनी.

"झाकण उघडू नकोस हं," तेजस्विनी म्हणाली. "आतली वाफ गेली तर पिल्लं कवचाला चिकटतात. इन्व्हर्टर नाही का तुमच्याकडे?"

"नाही."

"मग वरून पांघरूण घाल. भोकं तेवढी मोकळी ठेव. किती वाजता येणार लाईट?"

"दुपार होईल म्हणतात."

"बघ काय होतंय ते," एवढं म्हणून तेजस्विनीनं फोन ठेवला.

स्वरूपानं कपाटातली चादर ओढून पेटीवर टाकली, मग दुसरी. काचेतून आतल्या थर्मामीटरचा पारा दिसत होता. तो उतरत होता. ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली आणि पदराच्या टोकाला पीळ देत पुन्हा खाली बसली. गाड्यांच्या वायरी जुळवणाऱ्या हार्नेसच्या कंपनीनं कंत्राटी बायकांना कामातून ब्रेक दिल्यापासून घरात बसून तिचा जीव उबगला होता. हे काम तिनं स्वतः शोधलं होतं, स्वतः शिकली होती. तळेगाव रस्त्यावरच्या धाब्याच्या अजिंक्यनं पहिली सगळी पाखरं घ्यायची बोली केली होती आणि तिनं त्याला शब्द दिला होता.

"लाईट गेली न्हवं?"

दारात सासूबाई उभ्या होत्या. पेटी आल्यापासून रुक्मिणीबाईंनी या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. त्या माळकरी. अंडी घरात आली त्या दिवशी त्यांनी एकच विचारलं होतं, "ही पाखरं धाब्यावर जायाची?" स्वरूपा हो म्हणाली, तशी त्या म्हणाल्या होत्या, "तुझं काम हाय, तू कर. माझ्या डोळ्यांम्होरं नको." त्यानंतर त्या विषयावर चकार शब्द नाही. स्वरूपालाही त्यांच्याकडे काही मागायचा धीर झाला नव्हता.

"हो, आत्या," ती म्हणाली. आणि मग तिला राहवेना. "आत गार होतंय. आज-उद्यात फुटायची आहेत ती."

रुक्मिणीबाई वळल्या. अंगणात लाकडं मोडल्याचा आवाज आला, मग धुराचा वास. थोड्या वेळानं त्या दोन पितळी तांबे फडक्यात धरून आल्या. बंबातलं कढत पाणी त्यांत काठोकाठ होतं.

"हे पेटीला लावून ठिव. आन् ती चादर काढ, चादरीनं काय हुतंय? गोधडी घी."

दोघींनी मिळून पेटीभोवती तांबे, डबे, लोटे लावले आणि वर गोधडी पांघरली. पाणी कोमट झालं की रुक्मिणीबाई बंबाकडे जायच्या आणि नवं आणायच्या. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नव्हतं. त्या वाकून तांब्या ठेवायच्या आणि भिंतीला हात देऊन उभ्या राहायच्या. पारा आधी थांबला, मग हळूहळू चढू लागला. स्वरूपानं कितीतरी वेळानं मोकळा श्वास घेतला.

"माळ घालायच्या आधी आमी खुडूक कोंबड्या बसवायचो," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "पन तिथं कोंबडीलाच ठावं, किती ऊब द्यायची ती. ह्या पेटीतलं मला काय कळंना."

त्यांना कळत नव्हतं हे थोड्याच वेळात दिसलं. स्वरूपा स्वयंपाकघरात कुकर बघायला गेली तेवढ्यात त्यांनी आणखी एक डबा लावला होता, आणि ती परत येऊन बघते तो पारा खुणेच्या पार वर गेलेला.

"आत्या, जास्त झालं!"

तिनं गोधडी फेकली, डबे बाजूला सारले. पारा हटेना. तिचा हात झाकणावर गेला आणि तिथंच अडला. उघडलं तर चिकटतील, नाही उघडलं तर भाजतील. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. रुक्मिणीबाई रिकामा तांब्या छातीशी धरून उभ्या होत्या.

"म्या केलं," त्या पुटपुटल्या.

स्वरूपानं झाकण बोटभर उचललं. गरम, दमट वाफ तोंडावर आली. आणि त्या फटीतून आवाज आला. इतका बारीक, की आधी तिला तो दुरून येतोय असं वाटलं.

दोघी जागच्या हलल्या नाहीत. कोपऱ्यातल्या अंड्याला गोल चीर गेली होती आणि त्या चिरेतून चोचीचं टोक आत-बाहेर होत होतं.

"बाई," रुक्मिणीबाई हळूच म्हणाल्या. "ह्यो तर बोलतोय."

लाईट आली तोवर पाच-सहा पिल्लं बाहेर पडली होती. संध्याकाळपर्यंत आणखी आली. थोडी अंडी तशीच राहिली, ती कशानं, गारठ्यानं की जास्तीच्या उष्णतेनं, ते कळायला मार्ग नव्हता. स्वरूपानं ती मुकाट्यानं परसात पुरली. सासूबाईंनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

पिल्लं अंगठ्याच्या पेराएवढी होती. सुकली तशी पिवळी-काळी होऊन खोक्यात किड्यांसारखी पळू लागली. दुसऱ्या सकाळी एक पाण्याच्या झाकणीत बुडून मेलेलं सापडलं, एवढंसं पाणी, पण त्याला तेवढं पुरलं. स्वरूपा दिवसभर खोक्यापाशी बसून राहिली. दुपारी तिचा जरा डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा झाकणीत धुतलेले खडे पसरलेले होते. चोच बुडेल, अंग बुडणार नाही, असे. बाहेर सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

मग त्या तांदूळ निवडायला आतच येऊ लागल्या. पाखरं वाढली, खोक्यातून जाळीच्या पिंजऱ्यात गेली. नरांच्या छातीवर विटकरी रंग चढला आणि ते चिरक्या आवाजात ओरडू लागले. रुक्मिणीबाई एकदा म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी ज्वारीतून असेच लाव्हे भुर्रकन उडायचे. धाब्याचं नाव त्यांनी काढलं नाही. स्वरूपा मात्र त्या ते काढतील याची रोज वाट बघत होती. सासूबाई कधीतरी मोडता घालतील, माझ्या घरातून जीव कापायला जाणार नाही म्हणतील. मग नवनाथ काही म्हणायचा नाही, अजिंक्यलाही सांगता येईल, भाऊ, घरचे मोठे नको म्हणतात. खाद्य टाकताना एक पाखरू तिच्या तळहातावर चढून बसायचं. ती त्याला खाली उतरवायची आणि हात परत आत न्यायची.

अजिंक्य रविवारी सकाळी आला, बाईकला मागं प्लॅस्टिकची जाळीदार पेटी बांधून.

"वहिनी, झाली ना तयार?"

स्वरूपा पिंजऱ्यापाशी गेली. कडीला हात लावला आणि मागं वळून पाहिलं. रुक्मिणीबाई पुढं आल्या. त्यांनी तिचा हात बाजूला केला, कडी काढली आणि एकेक पाखरू दोन्ही हातांनी अलगद धरून अजिंक्यच्या पेटीत सोडू लागल्या. पंख मिटलेले, पाय खाली. एकही फडफडलं नाही. एकदाही त्यांनी मान वर केली नाही.

"आजींचा हात भारीच बसलाय," अजिंक्य म्हणाला. तो पेटी बांधून निघून गेला.

पिंजऱ्यात पिसं आणि सांडलेलं खाद्य उरलं होतं. रुक्मिणीबाईंनी हात धुतले आणि पदराला पुसत बराच वेळ उभ्या राहिल्या.

"मला वाटलं, तू न्हाई म्हनशील," त्या म्हणाल्या. "तुझं काम हाय, म्हून मी गप ऱ्हायले. शेवटपोत्तर तुझ्या तोंडाकडं बघत हुते."

स्वरूपानं त्यांच्याकडे पाहिलं. मग खिडकीतला फोन उचलला आणि अजिंक्यचा नंबर काढला. चाकण चौकात रविवारीही गाड्या खोळंबलेल्या असतात. तो अजून तिथंच असणार, पाखरं धाब्यावर पोचली नसणार.