पूर्ण नाव

रत्नाताईंच्या ऑफिसात मी फॉर्म भरण्याचं काम करतो. अक्षर बरं आहे, एवढीच माझी पात्रता. त्याआधी चौतीस वर्षं एका शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर नंबर टाकले. तिथे एखादं पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं तरी कुणाचं काही अडत नसे. माणसांच्या बाबतीत तसं नसतं, हे मला गेल्या डिसेंबरात कळलं आणि त्यात चूक माझीच होती. म्हणून हे लिहितो आहे. नीट जमेल की नाही, सांगता येत नाही.

रत्नाताई भीमाशंकरच्या डोंगरातल्या, तळेघरच्या पलीकडल्या एका वाडीतल्या. भात झोडून झालं की त्यांची आई मुकादमाच्या टेम्पोत बसून मंचरकडे बटाटे काढायला यायची आणि दहा वर्षांची रत्ना तिच्या शेजारी. मुकादमाच्या वहीत कुणाचंच नाव नसे. ‘बाया अकरा, पोरी दोन’ एवढंच लिहिलेलं असे. पुढे रत्नाताई कांद्याच्या शेडमध्ये निवड करायला लागल्या, तिथल्या सुपरवायझर झाल्या आणि चार वर्षांपूर्वी मंचरला खताच्या दुकानावरची एक खोली घेऊन त्यांनी माणसं पुरवण्याची एजन्सी काढली. आज डेअऱ्या, दवाखाने, भाजीपाल्याची पॅकहाऊसं मिळून दोनशे दहा माणसं त्यांच्यामार्फत कामाला आहेत. प्रत्येकाच्या हातात पत्र असतं आणि पत्रावर पूर्ण नाव असतं. त्याबाबत त्या फार कडक आहेत. मी एकदा एका पोराचं आडनाव लिहायचं विसरलो, तर म्हणाल्या, “सर, मुकादम व्हायचंय का आपल्याला?”

नोव्हेंबरात राजुरीजवळच्या एका कंपनीने अठरा बायका मागितल्या. भाज्या निवडून परदेशी पाठवणारी कंपनी. काम मे महिन्यापर्यंत चालणार होतं. रत्नाताईंना त्या तळेघरच्या बाजूच्याच हव्या होत्या. इतकी वर्षं त्या वाड्यांतल्या बाया शेतावरच कामाला जात. कंपनीच्या आत, कार्ड गळ्यात घालून, एकही गेली नव्हती. राजुरीत त्यांच्या राहण्यासाठी दोन खोल्याही त्यांनी बघून ठेवल्या.

फॉर्म भरायला मला वर डोंगरातल्या वाडीत पाठवलं. “आधार कार्ड बघून लिहा,” एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

देवळाच्या ओट्यावर बसलो. सगळ्यांत आधी आल्या लंकाबाई. पन्नाशीच्या, काटक, बोलायला खणखणीत. कार्ड मागितलं तर म्हणाल्या, “घरी ऱ्हायलं. खाली वढ्याच्या पल्याड.” पुन्हा चढउतार करून यायला सांगण्याचा मला धीर होईना. म्हटलं, तोंडीच सांगा.

“लंकाबाई.”

“पुढं? मालकांचं नाव?”

लंकाबाईंनी पदर ओठांवर घेतला. मी वाट पाहत राहिलो. त्या समोरच्या डोंगराकडे बघत राहिल्या. शेवटी मागची बाई म्हणाली, “अप्पा म्हणत्यात त्यांना.” मी लिहिलं, लंकाबाई अप्पा असवले.

त्यांच्यानंतर साळुबाई. कार्ड त्यांचंही घरीच. त्यांच्या बाजूने त्यांची जाऊ बोलली. पण तिलाही थोरल्या दिराचं नाव घेता येत नव्हतं. तिने जरा विचार करून “बाबू” सांगितलं. मी तेही लिहिलं. शिकलेल्या सात पोरींनी कार्डं आणली होती, नावं स्वतः घडाघडा सांगितली. उरलेल्या अकरा जणींची नावं अशी या ना त्या तोंडून माझ्या कागदावर आली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा रिवाज मला ठाऊक होता. त्याबद्दल मी पुस्तकांतून वाचलंही होतं. तो माझ्या समोर, माझ्या फॉर्ममध्ये घडतो आहे, हे मात्र लक्षात आलं नाही.

डिसेंबरातल्या एका सोमवारी सकाळी साडेसातला आम्ही कंपनीच्या गेटवर उभे होतो. बायकांनी नवी पातळं नेसली होती आणि हातात आधार कार्डं धरली होती. कंपनीच्या स्नेहल मॅडम, पुण्याच्या, तिशीतल्या, यादी घेऊन आल्या. सात पोरी आत गेल्या. आठव्या लंकाबाई.

“यादीत अप्पा आहे. कार्डावर सावळेराम. हे कसं काय?”

पुढची जुळेना. त्याच्या पुढचीही नाही. मॅडमचा चेहरा बदलत गेला. त्या रत्नाताईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, “गेल्या वर्षी एका ठेकेदाराने दुसऱ्याच बायकांची कार्डं देऊन माणसं आत घातली होती. एकीचा हात मशीनमध्ये सापडला, तर ती नेमकी कोण हे आम्हालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून प्रत्येकीने स्वतःच्या तोंडाने पूर्ण नाव सांगायचं, आम्ही फोनवर रेकॉर्ड करायचं. जुळलं तर आत.”

“सांगतील की. त्यात काय!” रत्नाताई म्हणाल्या.

मॅडमनी फोन लंकाबाईंसमोर धरला. “पूर्ण नाव सांगा.”

“लंकाबाई.”

“पूर्ण.”

“लंकाबाई... असवले.”

“मधलं?”

लंकाबाईंनी पुन्हा पदर ओठांवर घेतला. मॅडमनी साळुबाईंकडे फोन वळवला. त्या खाली बघून अंगठ्याने माती उकरायला लागल्या. तिसरी नुसतीच लाजली.

“रत्नाताई, स्वतःचं नाव सांगता येत नाही?” स्नेहल मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “साडेआठला लाइन सुरू होते. तोवर हे मिटलं नाही तर मी पुण्याच्या एजन्सीला फोन करते. त्या सात पोरीही मग मला ठेवता येणार नाहीत.”

चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. शाळेतल्या निरोप समारंभातही मी नुसते हात जोडून खाली बसलो होतो. पण त्या अकरा जणी माझ्याकडे बघतही नव्हत्या, आणि मला दोष द्यावा हेही त्यांच्या मनात येत नव्हतं. ते मला सहन झालं नाही.

“मॅडम,” मी म्हणालो, “कार्डं त्यांचीच आहेत. यादी चुकली ती माझ्यामुळे. कार्ड न बघता लिहिलं मी. आणि त्या नाव सांगत नाहीत, कारण... त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत.”

“आजच्या काळात?”

“साळुबाई भीमाशंकरलासुद्धा ‘वरचा देव’ म्हणतात,” रत्नाताई म्हणाल्या. “नवऱ्याच्या नावात भीम आहे म्हणून.” मग माझ्याकडे वळून, फक्त मला ऐकू येईल असं, “सर, कार्ड बघा म्हटलं होतं ना मी?” त्या बायकांकडे गेल्या.

“मावशे, सांग की गं! काय जातंय तुझं?”

“तू सांगशील बाई, तू हापिसवाली,” लंकाबाई फणकारल्या. “मला तीस वर्सं झाली लग्नाला. पोराच्या शाळंत बी न्हाई घेतलं मी, मास्तरनंच लिवून घेतलं.”

“नोकरी जाईल, मावशे.”

“आन् नाव घेतलं तर त्यांचं आयुष्य कमी व्हईल त्याचं काय? तू भरून देशील?”

मागून कुणीतरी म्हणालं, “तशे बी अप्पा लई दिवस जगत्यात, थोडं कमी झालं तर चालंल.” सगळ्या हसल्या. लंकाबाईही हसल्या, पण हटल्या नाहीत.

“असं कोरडं नाव कसं घ्यायचं गं, रत्ने? इथं काय हळदीकुकू हाय? का लगीन हाय कुणाचं? तिथं घेतोच की आमी.”

रत्नाताई थांबल्या. मग मॅडमकडे वळल्या. “मॅडम, उखाण्यात घेतलं तर चालेल? नाव स्पष्ट येईल. कार्डाशी ताडून बघा.”

स्नेहल मॅडमनी घड्याळ बघितलं. आठ वाजून पाच मिनिटं. “मला नाव ऐकू आलं पाहिजे,” त्या म्हणाल्या. “पुढे-मागे काय म्हणतील ते म्हणोत.”

लंकाबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला, घसा साफ केला आणि फोनकडे नाही, थेट मॅडमकडे बघत म्हणाल्या:

“खाचरात लावलं भात, अंगाला फुटला घाम,
गेटावर नाव घेते, धनी माझे सावळेराम!”

वॉचमननेच टाळी वाजवली. मॅडमनी कार्ड बघितलं, यादीत अप्पा खोडून सावळेराम लिहिलं. “आता साळुबाई.”

साळुबाईंनी जावेचा हात घट्ट धरला होता. आवाज इतका बारीक, की मॅडमना फोन जवळ न्यावा लागला.

“नाचणीची भाकर, वर कुर्डूची भाजी,
मॅडमनी पिच्छा पुरवला, नाव सांगते भिमाजी.”

“अगं बया, मॅडमलाच घातलं की उखाण्यात!” लंकाबाई ओरडल्या. मॅडमना हसू आवरेना. फोन हलला म्हणून साळुबाईंना पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्या वेळी त्या जरा मोठ्याने म्हणाल्या. पुढच्या जणी तर आपणहून पुढे यायला लागल्या. कुणाचं यमक जुळेना, तर बाकीच्या मागून पुरवू लागल्या. मी खोडाखोड करत यादी नव्याने लिहीत होतो, माझा हात पुरेना.

सारजाबाईंची पाळी आली तेव्हा हसणं आपोआप थांबलं. त्यांचे मालक दोन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांनी उखाणा घेतला नाही. साधंच म्हणाल्या, “सारजाबाई गोकुळ असवले.” मग म्हणाल्या, “आता घ्याया काय हरकत न्हाई. उलट बरं वाटलं.” मॅडमनी कार्ड त्यांच्या हातात न देता स्वतः त्यांच्या पिशवीत नीट ठेवलं.

आठ वीसला अकरावी बाई आत गेली. गेटच्या आत फोटो काढून तिथल्या तिथे छापलेले पास गळ्यात घालत होते. लंकाबाई पास हातात धरून उलट्या फिरल्या आणि गजांजवळ आल्या.

“गुरजी, ह्येच्यात त्यांचं बी नाव छापलंय का वो?”

“छापलंय. मध्ये.”

“मंग उलटं घातलं तर चालंल का? दिवसभर छातीवर त्यांचं नाव मिरवू व्हय मी?”

“फोटो दिसला पाहिजे, मावशी!” आतून मॅडमचा आवाज आला.

लंकाबाईंनी जरा विचार केला. पदराचं टोक पासाच्या खालच्या अर्ध्या भागावर अडकवलं. फोटो दिसत होता, नाव झाकलं होतं. त्या तशाच ताठ मानेने लाइनकडे गेल्या.

मी रत्नाताईंना म्हणालो, “मी उद्यापासून येत नाही. माझ्यासारख्यामुळे तुमचं—”

त्यांनी मला बोलू दिलं नाही, कारण स्नेहल मॅडम परत आल्या होत्या. “रत्नाताई, जानेवारीत आणखी बारा लागतील. याच बाजूच्या मिळतील?”

“मिळतील,” रत्नाताई म्हणाल्या आणि फोन काढून वरच्या कुठल्या तरी वाडीत लावला. पलीकडे रिंग वाजत असताना त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “गुरुवारी जायचंय, सर. पहाटेची एसटी आहे. पुढे दीड तास चालावं लागेल, जमेल ना?”

मला खात्री नव्हती. तरी मी हो म्हणालो.