पाठमोरं कोणी बोलत नाही

आमच्या घरात पाठमोरं कोणी बोलत नाही. भाजी टाकताना मला काही सांगायचं असेल तर मी गॅस बारीक करते, वळते, पप्पांचं तोंड माझ्याकडे आहे का बघते आणि मग बोलते. बाहेरच्यांना वाटतं, काय शिस्त आहे या घराला. शिस्त कसली, पप्पांना ऐकू येत नाही. म्हणजे अगदीच येत नाही असं नाही. ते म्हणतात, "आवाज येतो गं, शब्द येत नाही."

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागांमध्ये अर्धं आयुष्य उभं राहिलं की असं होतं. कानाचं मशीन आहे, पण ते लावलं की घरातला पंखासुद्धा मागासारखा खडखडतो म्हणून ते डबीत असतं. पप्पा ओठ वाचतात. लाइट गेली की आमच्या घरातलं बोलणं संपतं आणि आम्ही दोघं अंधारात आपापले बसून राहतो.

दोघंच, कारण आई जेऊरला नर्स आहे. शनिवारी संध्याकाळी येते, सोमवारी पहाटे जाते.

मी बुद्धप्रिया. दहावी. गेल्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा माझ्या तोंडून आवाज फुटत नव्हता. मग महेश्वरी मॅडमनी मला बळंच वक्तृत्वाला उभं केलं आणि मी अख्खं सभागृह गप्प करून टाकलं. खोटं नाही सांगत. तेव्हापासून कुठंही माइक दिसला की माझे पाय आपोआप तिकडं वळतात. मॅडम म्हणतात, "तुझा एकेक शब्द स्वच्छ येतो, कुठं शिकलीस?" आता त्यांना काय सांगायचं. घरी मी रोज ज्याच्याशी बोलते त्या माणसासाठी शब्द नीट घडवावेच लागतात.

आणि त्या माणसाचा एक ब्लॉग आहे.

लॉकडाउनमध्ये माग बंद होते तेव्हा पप्पांना फोनवरची ती आभासी जगं सापडली. त्यांना गेम म्हटलेलं पप्पांना आवडत नाही. "गेममध्ये जिंकायचं असतंय. हितं नुसतं राहायचं असतंय." आपली एक बाहुली करायची, तिला हिंडवायचं, वाटलं तर घर बांधायचं, आणि दुसऱ्यांच्या बाहुल्या भेटल्या की लिहून गप्पा मारायच्या. लिहून, हे महत्त्वाचं. तिथं पप्पांना कोणी दोनदा विचारत नव्हतं, कोणी खांद्याला हात लावून हलवत नव्हतं. अशी सात-आठ जगं पप्पा हिंडले आणि त्यांच्याबद्दल मराठीत लिहायला लागले. ब्लॉगचं नाव 'आवाज बंद ठेवून'. एका ठिकाणी त्यांनी लिहिलंय, "या गावच्या समुद्राला फार चांगला आवाज आहे म्हणतात. मी बंद ठेवून पाहिला. लाट उठताना दिसते, तेवढी मला पुरते."

हे सगळं बारा तासांच्या पाळीतून. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. मागावर उभ्या उभ्या पप्पा मनात वाक्यं जुळवतात, चहाच्या सुट्टीत फोनवर टिपतात. घरी आल्यावर आंघोळ, जेवण, आणि मग भिंतीला टेकून दोन बोटांनी टाइप करणं. बऱ्याचदा वाक्य अर्धं राहतं आणि मान खाली पडते. मी फोन हातातून काढून घेते, काचेवरचा कापसाचा बुरा पुसते आणि चार्जिंगला लावते. आई म्हणते, "झोप मिळत न्हाय आणि हे कुणासाठी लिहितोय हा माणूस?" पण वाचणारी माणसं होती. पन्नासच्या आतली, पण होती. बेळगावच्या दाक्षायणीताई तर प्रत्येक लेखाखाली लिहायच्या.

सप्टेंबरात एक सूचना आली. पप्पांचं सगळ्यात आवडतं जे जग होतं, तिथली लिहायची चौकट महिनाअखेर बंद होणार. आता सगळ्यांनी माइकवर बोलायचं. लोकांना म्हणे तेच हवं होतं. आधीच कितीतरी जण लिहिणं सोडून बोलायला लागले होते. पप्पांची बाहुली शेकोटीपाशी जाऊन बसायची, भोवतीची माणसं बोलत राहायची, आणि पप्पा चौकटीत लिहायचे, "नमस्कार मंडळी." ते वर सरकून नाहीसं व्हायचं.

त्याच आठवड्यात दाक्षायणीताईंचा निरोप आला. रविवारी दुपारी शेकोटीपाशी मराठी माणसांची गाठभेट ठेवलीय, संघपालदादांनी, म्हणजे पप्पांनी, त्यांच्या भटकंतीवर बोलावं. चार वेळा निरोप वाचून पप्पा माझ्यासमोर येऊन बसले.

"एकदा माझी ओळख झाली तर मग चौकट गेली तरी ही माणसं राहतील का गं?"

"राहतील की. मी आहे ना. मी ऐकते आणि तुम्हाला सांगते."

अडचण एकच. महिन्यातून एकदाच पाळीतून काही तासांची सुट्टी मिळते, आणि सोमवारी माझ्या वक्तृत्वाची जिल्ह्याची फेरी होती. पप्पांनीच विषय काढला. म्हणाले, "तुझ्यासाठी ठेवतो."

मी म्हटलं, "रविवारी घ्या. माझ्या भाषणाला येऊन तरी तुम्हाला..."

पुढचं मी गिळलं. पण त्यांनी ते ओठांवरून आधीच वाचलं असणार.

त्या रविवारी आईला पोलिओची ड्यूटी लागली, त्यामुळे ती आलीच नाही. गुरुशांतकाका पप्पांचे मागावरचे शेजारी. आपले चार आणि पप्पांचे चार, असे आठ माग त्यांनी अंगावर घेतले. पप्पांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मी म्हटलं, "पप्पा, तिथं तुमची बाहुली दिसणार, तुम्ही नाही." ते म्हणाले, "मला माहीत असतंय की मी काय घातलंय."

इअरफोन माझ्या कानात, त्याच्या वायरीवरचा माइक पप्पांच्या हातात. आम्ही समोरासमोर बसलो. लोक जे बोलतील ते मी खुणांनी सांगणार होते. मागांच्या शेडमध्ये सगळे खुणांनीच बोलतात, आणि लहानपणी डबा द्यायला जाऊन जाऊन मी त्या शिकलेय. मिशीवरून बोट म्हणजे मालक आले. चिमटीतला धागा तोडल्यासारखं केलं की धागा तुटला, आणि पाठोपाठ बोटांनी गाठ मारून दाखवायची, म्हणजे झालं, जोडला. अगदीच खुणेत न बसणारं काही असेल तर शेडमध्ये दुसऱ्याच्या कानाला तोंड लावून ओरडतात.

आणि पप्पांनी तेच केलं. माइक ओठांना लावला आणि ओरडले, "नमस्कार मंडळी, मी सोलापूरहून संघपाल."

मी कानातले इअरफोन ओढून काढले. परत घातले तेव्हा कोणीतरी म्हणत होतं, "बाप रे, कुणी मिक्सर लावलाय का?" दुसरा म्हणाला, "काका, पुण्यात आहे मी, फोन बंद केला तरी ऐकू येईल." हशा झाला. दाक्षायणीताई हळू म्हणाल्या, "दादा, आवाज जरा कमी कराल का?"

पप्पा माझ्याकडे बघत होते. काय म्हणतायत? मी हसून मान हलवली. बोला, बोला.

पप्पा बोलत राहिले. समुद्राचं सांगितलं, बर्फातल्या रिकाम्या स्टेशनचं सांगितलं. काय सुंदर सांगत होते, पण त्याच आवाजात. त्या जगात जवळच्याचा आवाज मोठा आणि लांबच्याचा लहान येतो. म्हणून एक बाहुली दोन पावलं मागं गेली. मग दुसरी. बघता बघता शेकोटीभोवतीचा गोल मोठा मोठा होत गेला आणि मध्ये पप्पांची निळ्या शर्टातली बाहुली एकटीच हात हलवत उभी राहिली.

ते पप्पांना दिसलं. त्या बाहुल्यांची तोंडं नुसती उघडमीट करतात, त्यांत 'प' नसतो, 'म' नसतो, वाचता काहीच येत नाही. पण मागं सरकलेलं कळतं. त्यांनी मला विचारलं, का? मी खूण केली, नेटचा घोळ आहे.

पप्पांनी माझ्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं. मग माइक खाली न घेता, सगळ्यांसमोर विचारलं, "मी ओरडतोय का गं?"

मी तळहात खाली दाबला. माग हळू करायला सांगताना करतात तसा.

त्यांनी आवाज खाली आणला, तर इतका की तिकडून कोणी म्हणालं, "आता काहीच येत नाही." मी तळहात वर घेतला, खाली घेतला. पप्पा माझ्या हाताकडे बघत बोलत होते आणि त्यात पुढचं वाक्य हरवत होतं. दोघं-तिघं परत जवळ आले. पण तोवर वेळ संपली आणि दाक्षायणीताई म्हणाल्या, "छान दादा. परत या हं." पाहुण्यांना दारातून म्हणतात तसं. मग कोणीतरी आपल्या नव्या घराबद्दल सांगायला लागलं आणि गोल पुन्हा लहान झाला.

पप्पांनी माइक पुसून ठेवला. शर्ट बदलला. "गुरुशांत एकटा आठ माग बघतोय," म्हणाले आणि सायकल काढून गेले.

फोन तसाच राहिला. त्यात पप्पांची बाहुली शेकोटीपाशी बसलेली, भोवती गप्पा रंगलेल्या. मी माइक हातात घेतला. बोलले असते तर सगळ्यांनी ऐकलं असतं, माझा शब्द स्वच्छ येतो. पण मला पप्पांच्या जागेवरून बोलावंसं वाटेना. मी खालच्या चौकटीत लिहिलं, "पप्पा पाळीवर गेलेत. ते रोज मागांच्या आवाजात काम करतात, म्हणून तसं झालं." थांबले. कोणीही वाचलं नाही. मी आणखी एकदा लिहिलं. तेही वर सरकलं. मग मी फोन खिशात टाकला आणि माझी सायकल काढली.

शेडच्या दारात पोचले तर नेहमीसारखा तो आवाज अंगावर आला. पायाखालची फरशी थरथरते, दात थरथरतात. गुरुशांतकाकांनी मला आधी पाहिलं. त्यांनी पप्पांना मिशीवरून बोट फिरवून दाखवलं आणि मग पाठीवर वेणी दाखवली. म्हणजे मालकीण आली. पप्पा हसत वळले.

तिथं मी त्यांना सगळं सांगितलं, खुणांनी आणि ओठांनी. काहीही लपवलं नाही. मिक्सरचं सांगितलं तेव्हा पप्पा पोट धरून हसले आणि त्यांनी ते गुरुशांतकाकांना सांगितलं. काका हवेत मिक्सर फिरवून चटणी वाटायला लागले. मग तिकडच्या मागांपर्यंत तो विनोद हातांहातांनी गेला. सगळी शेड हसत होती आणि कोणाचंच हसू कोणाला ऐकू येत नव्हतं. इथं पप्पांना कोणी बहिरं म्हणत नाही. इथं सगळे सारखेच.

मी विचारलं, परत जाणार ना तिथं? परत या म्हणाल्यात ताई.

पप्पांनी चिमटीतला धागा तोडून दाखवला. मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. गाठ मारायची खूण करतील म्हणून थांबले. त्यांनी ती केली नाही.

मी विचारलं, आणि लिहिणं?

त्यांनी खांदे उडवले. दोन बोटांनी हवेत थोडंसं टाइप केलं, मग हात सोडून दिला. तेवढ्यात मागचा एक माग थांबला आणि ते तिकडं वळले.

त्यांच्या शर्टाला पाठीवर कापूस चिकटला होता. मी तिथंच उभी होते. उद्याच्या भाषणाचं पहिलं वाक्य मला तोंडपाठ होतं. ते मी पप्पांच्या पाठीला म्हटलं, सगळ्या ताकदीनं, एकेक शब्द घडवून. माझा आवाज मलाही आला नाही. मग दुसरं वाक्य म्हटलं.