पाय टेकला म्हणून काय झालं

सप्टेंबरातल्या एका सकाळी, आमच्या न्याहारीच्या दुकानात गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना, मी अंड्याची पोळी उलटायला वाकले आणि वाकलेलीच राहिले. कंबरेत खाली कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं झालं. जिन-फाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, माझ्या हातातलं उलथणं घेतलं, मला धरून स्टुलावर बसवलं आणि पहिला शब्द काय काढला, तर "ती सायकल."

त्या दिवसापासून जो यायचा तो सायकललाच बोल लावायचा. नणंद, शेजारीण, समोरचा डुकराच्या मटणाचा दुकानदार. साठीला टेकलेल्या बाईने घट्ट चड्डी घालून डोंगर चढू नयेत, हे अख्ख्या पूली गावाला कळत होतं, फक्त मलाच कळत नव्हतं. हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याने काळा, उग्र वासाचा लेप थापला आणि तोही सायकल बंद करा म्हणाला. जिन-फाने तर ताइचुंगच्या भाच्याला फोन करून ती घेऊन जा म्हणून सांगूनही टाकलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसभरात ती एकच जागा होती जिथे मला कुणी "ताई, दोन पोळ्या, एक गरम दूध" असं सांगत नव्हतं.

मी म्हटलं, ऑक्टोबरात आमच्या सायकल ग्रुपची वूलिंगची चढाई आहे, ती मी करणार. नाही जमली तर सायकल तिथूनच भाच्याकडे पाठव, मी ब्र काढणार नाही. वूलिंग म्हणजे गावातून निघाल्यापासून घाटमाथ्यापर्यंत पन्नासेक किलोमीटर नुसता चढ. जिन-फा लगेच कबूल झाला. दुकानाची गाडी घेऊन मागोमाग येतो म्हणाला, तुला उचलायला कुणीतरी हवं. गाडीत गादीसुद्धा टाकून ठेवतो म्हणाला.

मग मी फिजिओथेरपीवाल्या यान बाईंकडे गेले. बाई कसली, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. तिने सायकल घेऊन यायला सांगितलं, भिंतीला टेकवून मला तिच्यावर बसवलं आणि विचारलं की हँडल इतकं खाली का. मी सांगितलं, आमच्या ग्रुपचे कॅप्टन वेई म्हणतात म्हणून. आमच्या ग्रुपात हँडल जितकं खाली तितका माणूस पक्का सायकलवाला. हँडलखालच्या चकत्या कॅप्टनने सगळ्यांच्या काढायला लावल्या होत्या, शर्यतीतल्या पोरांसारख्या. सीटही बोटभर जास्तच वर होती, त्यामुळे पॅडल मारताना माझे कुल्ले डावीउजवीकडे डुलायचे. यान म्हणाली, पाठ मोडलेली नाही. पोट आणि कुल्ले काही काम करत नाहीत, म्हणून सगळा भार एकट्या कंबरेवर पडतो.

"म्हणजे आमच्या घरासारखंच," मी म्हटलं.

तिने व्यायाम दिले. उताणं पडून कंबर उचलायची, मग रांगत्या बाळासारखं होऊन एक हात पुढे आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे ताणायचा. दुकान आवरल्यावर मी ते फरशीवर करायचे. एका गिऱ्हाइकाने शटरखालून डोकावून विचारलं, ताईंचं काही हरवलंय का. हळूहळू वाकून बुटाची नाडी बांधता यायला लागली, तेव्हा मी चकत्या परत बसवल्या, सीट खाली घेतली आणि सोपा गिअर लावून घेतला.

पण यानने आणखी एक सांगितलं होतं. चढावर कंबर आवळायला लागली की थांबायचं, उतरायचं, हात कंबरेवर ठेवून मागे वाकायचं. हे आमच्या ग्रुपात सांगायची सोय नव्हती. वूलिंगच्या चढाईत पाय जमिनीला लागला की माथ्यावरच्या पाटीशी फोटोत उभं राहायचं नाही, हा कॅप्टनचा नियम. खाणं, पिणं, जॅकेट चढवणं, सगळं चालत्या सायकलवर. लाल दिवा लागला तर लोक जागच्या जागी गोल गोल फिरतात, पण पाय टेकत नाहीत.

चढाई सोमवारी, आमच्या दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी. कॅप्टन वेई शाळेत व्यायामाचे मास्तर होते, शिट्टी अजून गळ्यात असते. माझं उंच हँडल बघून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, ताई, पुढे टोपलीही लावा, येताना कोबी आणता येईल. मंडळी खो खो हसली. मी म्हटलं, लावीन, आणि तुम्हालाही एक गड्डा आणीन.

वाटेतल्या वूश गावाच्या अलीकडे कंबर बोलायला लागली. मी सायकल कडेला घेतली आणि पाय टेकला. दोन्ही टेकले. हात कंबरेवर ठेवून आभाळाकडे बघत मागे वाकले. शेजारून जाणारा एकजण हळहळला, ताई, पाय लागला हो तुमचा. मी म्हटलं, माझाच आहे. मागे जिन-फाची गाडी थांबली, तो काचेतून बघत होता, मी त्याला हातानेच नाही म्हटलं आणि पुन्हा चढले. असं पुढे कितीदा तरी केलं. मेंढ्यांच्या कुरणाशी, चहाच्या मळ्याशी, जिथे कंबर म्हणेल तिथे. खिशातलं रताळंही मी उभ्याने, सावकाश खाल्लं. कंबर दुखत होती, पण माझं ऐकत होती.

झाडं संपून नुसतं गवत लागलं त्या वळणावर कॅप्टन दिसले. सायकलवर बसलेले, दोन्ही बूट पॅडलला अडकवलेले आणि दोन्ही हातांनी रस्त्याकडेचा कठडा गच्च धरलेला. चेहरा पांढराफटक. पुढे जाता येईना, सरळ होता येईना, आणि पाय तर टेकायचा नाही. मी विचारलं, कधीपासून असे आहात? म्हणाले, ढग बघतोय.

"कॅप्टन, पाय टेका. कुणी नाही इथे."

"तुम्ही आहात ना, ताई."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी म्हटलं, मीही टेकलाय, बघा, डोंगर पडला नाही. ते मान हलवत राहिले. थंडी वाढत होती, मला थांबून चालणार नव्हतं. मागे गाडी येतेय, तिला हात करा, एवढं सांगून मी निघाले.

शेवटचा चढ फार वाईट आहे. हवा पुरत नाही, पाय दुसऱ्याचे वाटतात. मी तीनदा उतरले आणि चौथ्यांदा बसले ती थेट पाटीपाशी पोचले. सगळे फोटोसाठी उभे होते, पण कॅप्टनशिवाय काढायचा कसा म्हणून खोळंबले होते. मला ये म्हणायचं की नाही, हे कुणाला कळेना. मी कडेला उभी राहून मागे वाकत राहिले.

थोड्या वेळाने जिन-फाची गाडी आली. त्याने मागचं दार उघडलं. माझ्यासाठी घातलेल्या गादीवर कॅप्टन वेई कुशीवर पडले होते. जिन-फाने मला थर्मासमधला आल्याचा चहा दिला.

"चल," तो म्हणाला. "यांच्या शेजारी जागा आहे. चढलीस, जिंकलीस, सायकल तुझी. उतरताना तरी गाडीत बस. दुखतंय ना? खरं सांग."

"दुखतंय."

"मग कशाला हा हट्ट?"

"तीस वर्षं त्या तव्यापुढे वाकून उभी आहे, जिन-फा. कंबर गेली तीही तिथेच गेली. तवा सोड, असं मला आजवर एकाने तरी म्हटलं का? तू म्हणालास?"

त्याने थर्मासचं झाकण हातात फिरवलं. गाडीत कॅप्टनही श्वास रोखून ऐकत असावेत.

"उद्या दुकान आहे," तो शेवटी म्हणाला.

"आहे ना. उद्यापासून तवा तुझा."

मी कप त्याच्या हातात दिला आणि सायकलवर बसले.