समोरच्या बाकावरची गोणी

मी एक जुनी तागाची गोणी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. उत्तनच्या बाजूला डोंगरावर जो मोठा पार्क आहे, जिथे तुम्ही सुट्टीत पाळण्यांत बसायला येता, तिथल्या नव्या गोंडोलाची, म्हणजे तारेवरून डोंगर चढणाऱ्या त्या पाळण्यांची, पहिली प्रवासी मीच. साहेब लोक नंतर बसले, पुढारी त्याहून नंतर. आधी मी बसले. एवढं सांगितलं म्हणजे आता तुम्ही माझं बाकीचं ऐकून घ्याल.

माझा जन्म कुठल्याशा गिरणीत झाला, तो मला आठवत नाही. आठवतं ते भाईंदरचं मिठागर. तिथे माझ्यात मीठ भरायचे आणि तोंड शिवायचे. मीठ भरलं की मी ताठ बसत असे. पण मिठाची संगत सोपी नाही. जरा ओल लागली की ते पाझरायला लागतं आणि सगळा ठपका गोणीवर येतो. पुढे मिठागरांचं काम आटत गेलं, आमच्यातल्या बऱ्याचजणी इकडेतिकडे गेल्या, आणि मी डोंगरी गावच्या परशुरामच्या हाती लागले.

परशुराम पार्कमध्ये ट्रॅक्टर चालवायचा. ट्रॅक्टरच्या मागे रंगीत डबे जोडलेले होते आणि त्याला सगळे ‘झुकझुक’ म्हणायचे. फाटकापासून डोंगरमाथ्यावरच्या खेळांपर्यंत ही झुकझुक लोकांना नेऊन सोडायची. ट्रॅक्टरची लोखंडी सीट उन्हात तापायची, म्हणून परशुराम माझी घडी करून माझ्यावर बसायचा. ते काही मानाचं काम नव्हतं, पण तिथून सगळं दिसायचं आणि ऐकू यायचं.

तिथूनच मी जिजाबाईंना ओळखते. त्या समुद्रकाठच्या तारोडी गावच्या कोळीण. सारा जन्म सुकी मासळी विकण्यात गेला आणि गुडघे त्यातच संपले. त्यांची मुलगी आशा लग्नानंतर मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्क वस्तीत राहायला गेली. आशाची मुलगी दिशा दर सुट्टीत आजीकडे येते, आणि आली की आजी तिला डोंगरमाथ्यावर नेते. माथ्यावरून तारोडीचा किनारा दिसतो, ओढून ठेवलेल्या होड्या दिसतात. कुठली होडी कुणाची, हे जिजाबाई नातीला सांगतात. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या पोरीला आपला गाव एका नजरेत दाखवायचा, तर त्यांना ही एकच जागा सापडली आहे. झुकझुक आली की परशुराम गाडी थांबवून खाली उतरायचा, हात पुढे करायचा आणि म्हणायचा, “चढ आये, घाय न्हाय.” मागचे लोक चुळबूळ करायचे, पण गाडी जिजाबाई नीट बसेपर्यंत हलत नसे.

मग डोंगराचा रस्ता खचायला लागला. झुकझुक बंद झाली. डोंगरावर खांब उभे राहिले, जाड तार ओढली गेली आणि तिच्यावर काचेच्या केबिनी लटकल्या. उत्तनचे लोक त्यांना पाळणेच म्हणतात. दुसरी वाट राहिली ती पायऱ्यांची, आणि त्या पायऱ्या चढताना धडधाकट माणसालाही दम लागतो.

पाळणे चालवून बघण्यासाठी माणसांऐवजी वाळूच्या गोण्या बसवायच्या असं ठरलं. पांढऱ्याशुभ्र प्लास्टिकच्या गोण्या आल्या. त्यांतली एक उतरवतानाच फाटली. पाळण्यांत चढायच्या खालच्या फलाटावर काम बघणारी निशिगंधा इकडेतिकडे शोधू लागली आणि तिला बंद पडलेल्या ट्रॅक्टरच्या सीटवर मी दिसले. माझ्यात वाळू भरली गेली. कुणाला काय गंमत सुचली कोण जाणे, पोरांनी रंगाच्या डब्यात बोट बुडवून प्रत्येक गोणीवर नाव लिहिलं. कुणी मामा झाली, कुणी इन्स्पेक्टर. माझ्यावर लिहिलं, ‘काकू’. नव्या गोण्या मला हसल्या असतील, पण मला ते नाव आवडलं.

आणि मग पहिल्याच पाळण्यात मी वर गेले! मला अजून ते आठवून भरून येतं. खाली झाडं बुटकी झाली, एका बाजूला समुद्र उघडला, आणि लांब खाडीपलीकडे पांढरे चौकोन चमकताना दिसले. माझी मिठागरं. मध्येच आम्हांला मुद्दाम थांबवलं. ऊन काचेतून आत आलं, वाऱ्याने पाळणा डुलला, आम्ही बसून राहिलो. परत खाली आलो तेव्हा पार्कचे मॅनेजर अभिनवसर टाळ्या वाजवत होते. मला फलाटावर दर्शनी जागी ठेवलं आणि माझ्या गळ्यात पाटी अडकवली, ‘आम्ही जाऊन आलो, आता तुम्ही या!’ खोटं कशाला सांगू, मी फुगले होते. वाळूने नव्हे, अभिमानाने.

उद्घाटनाआधी एका रविवारी सकाळी आजूबाजूच्या गावांतल्या आणि मीरा रोडच्या सोसायट्यांतल्या लोकांना फुकट फेरीसाठी बोलावलं होतं. लोक आले, पण पाळण्यात बसायच्या आधी प्रश्न घेऊनच आले. लाईट गेली तर काय, असं मीरा रोडहून बायकोसोबत आलेल्या गुणवंतभाईंनी विचारलं. त्यांच्या सोसायटीची लिफ्ट महिन्यात कितीदा अडकते ते त्यांना ठाऊक होतं. जनरेटर आहे, असं सरांनी सांगितलं. हिना नावाच्या बाईंच्या मुलाला दमा होता. बंद काचेत मे महिन्यात त्याचं काय होईल, ही त्यांची काळजी. वरच्या झडपा उघडतात, सरांनी उघडून दाखवल्या. समुद्रावरून जोराचा वारा सुटला तर? तर पाळणे हळूहळू आत घेऊ. उत्तरं बरोबर होती. पण प्रत्येक उत्तराच्या शेवटी सर माझ्याकडे बोट दाखवत आणि म्हणत, “फुल लोडने टेस्टिंग झालंय.” आणि मी आणखी ताठ बसे.

मित्रांनो, हे पाळणे फलाटावर थांबत नाहीत. अगदी गोगलगायीसारखे सरकत राहतात. दार उघडं असतं, सरकत्या पाळण्यात आपण पाय टाकायचा. त्या दिवशी जिजाबाईही दिशाला घेऊन आल्या होत्या. दिशा टुणकन उडी मारून आत गेली. जिजाबाईंनी काठी काखेत धरली, एक पाय आत टाकला, पाळणा सरकला, आणि त्यांनी पाय मागे घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा घेतला. दार मिटायला लागलं. आत दिशा, बाहेर आजी. पोर काचेवर हात ठेवून रडवेली झाली.

निशिगंधाने लाल बटण दाबलं. सगळी तार थांबली. वर डोंगरापर्यंत लोक हवेत लटकून राहिले.

अभिनवसर धावत आले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. उद्घाटन तोंडावर आलेलं, वर लोक अडकलेले, खाली लोक मोबाईलवर शूटिंग करतायत. एका माणसासाठी पूर्ण लाइन बंद करायची नसते, असं त्यांनी निशिगंधाला बजावलं. मग जिजाबाईंकडे वळून मात्र ते सबुरीने बोलले. “आजी, घाबरू नका. एकदम सेफ आहे. त्या गोण्यासुद्धा बसून आल्यात.”

जिजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“ही गोनी चढली कशी?” त्यांनी विचारलं.

“कशी म्हणजे? माणसांनी उचलून ठेवली.”

“मंग मना कोन उचलनार? गोनीला भ्याव वाटत न्हाय, बाबा. गोनीला मध्येच लघवीला लागत न्हाय. गोनीची नात एकटी वर जात न्हाय. तुमी तिला इचारलंव, ती काय बोलनार?”

आधी लोक हसले. मग गुणवंतभाईंनी आपल्या बायकोच्या दुखऱ्या पायांकडे पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. मी तर पार गळून गेले. मी तिथे एवढी तोऱ्यात बसले होते ती कशासाठी? मला कुणी काही विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तरी माझ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं, माझं वजन.

सर वाईट माणूस नव्हेत, मित्रांनो. त्यांनी सगळं तपासलं होतं. फक्त दाराशी उभं राहून कुणाला चढताना पाहिलं नव्हतं.

निशिगंधाने दार परत उघडलं आणि हात पुढे केला. अगदी परशुरामसारखा. पाळणा स्तब्ध उभा होता. तरी जिजाबाई हलेनात. त्या आत डोकावल्या आणि म्हणाल्या, आत आम्ही दोघीच एका बाजूला बसणार, समोर काहीच नाही. होरी रिकामी नेली तर लाटेवर नाचते, म्हणून तळाला वजन टाकतात. समोर वजन ठेवा, तर येते.

सरांनी समजावलं की हा पाळणा म्हणजे होडी नव्हे, तो वरून लटकतो, त्याला असलं वजन लागत नाही. सर अगदी खरं बोलत होते. जिजाबाईंचंच चुकत होतं.

“सर, पाळण्याला गरज नाहीये,” निशिगंधा हळूच म्हणाली. “त्यांना आहे.”

मग सरांनी स्वतः माझा एक कान धरला आणि दुसरा निशिगंधाने. गोणीच्या वरच्या दोन टोकांना कान म्हणतात, तुम्हांला माहीत असेल. त्यांनी मला समोरच्या बाकावर बसवलं. जिजाबाई आत आल्या, दिशा त्यांना बिलगली, दार मिटलं आणि आम्ही निघालो.

पहिल्या खांबावरून जाताना पाळणा खडखडला. जिजाबाईंनी पुढे वाकून माझा कान घट्ट पकडला. तो हात खरखरीत होता आणि गार पडला होता. मीठ भरणाऱ्यांनी मला ढकललं होतं, परशुराम माझ्यावर बसला होता, पण असं धरून कुणी ठेवलं नव्हतं. दिशाने माझ्यावरचं नाव वाचलं. “आज्जी, हिचं नाव काकू आहे.”

“काकू, सांबाल गो,” जिजाबाई म्हणाल्या. आणि वरपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. किनारा दिसू लागला तेव्हा फक्त दुसऱ्या हाताने त्या होड्या दाखवू लागल्या.

त्या रविवारनंतर उद्घाटन पुढे ढकललं गेलं. अभिनवसर स्वतः दाराशी उभे राहून म्हाताऱ्या माणसांना, पोटुशी बायकांना, काठीवाल्यांना चढताना पाहू लागले. जो हात वर करेल त्याच्यासाठी पाळणा थांबवायचा, असा नियम झाला. माझ्या गळ्यातली पाटी त्यांनी काढून टाकली. मला मात्र काढलं नाही. कुणी दारात घुटमळलं की निशिगंधा विचारते, “समोर काकूंना बसवू का?” मोठाली माणसं लाजत लाजत हो म्हणतात. गुणवंतभाई म्हणाले होते, बायकोसाठी हवी. माझा कान मात्र त्यांनीच धरला होता.

खाऱ्या वाऱ्याने आणि उन्हाने माझी वीण विरली. एका कोपऱ्यातून वाळू सांडू लागली आणि सफाईवाल्यांनी मला कचऱ्याच्या गाडीकडे ओढलं. तेव्हा जिजाबाईंनीच मला परत आणवलं. जाळं विणायच्या हिरव्या दोऱ्याने त्यांनी माझी बाजू शिवली. तो टाका आता माझ्या अंगावर सगळ्यांत मजबूत आहे.

परवाच त्या पुन्हा आल्या. सोबत त्यांच्या गावच्या शेवंतीबाई होत्या, पहिल्यांदाच आलेल्या. शेवंतीबाईंनी दारात पाय टाकला आणि मागे घेतला. निशिगंधाने हात करून पाळणा थांबवला आणि मला उचलायला वाकली.

“र्‍हाऊ दे तिला,” जिजाबाई म्हणाल्या. “समोर मी बसते.”

त्या समोरच्या बाकावर, माझ्या जागेवर बसल्या आणि त्यांनी शेवंतीबाईंचा हात हातात घेतला. दार मिटलं. मी फलाटावर राहिले. मला थोडं वाईट वाटलं, मित्रांनो, आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला.

तुम्ही मोठे व्हाल, नवनव्या वस्तू बांधाल. त्यांत आधी गोण्या जरूर बसवा. आम्ही आमचं वजन खरं सांगू. पण मग एखाद्या म्हाताऱ्या माणसालाही बसवा आणि काय वाटलं ते त्यालाच विचारा. आणि कुणी दारातून पाय मागे घेतला, तर हसू नका. आत जा आणि त्याच्या समोरच्या बाकावर बसा.