या महिन्यात काय आवडलं?

थोरली दातांच्या कवळ्या बनवायची. लॅबमधल्या खिडकीजवळच्या बाकावर, प्लास्टरच्या भुकटीत बसून ती दिवसभर परक्या माणसांचे जबडे घडवत असे. माणसं तिला दिसायची नाहीत. त्यांच्या हिरड्यांचे साचे यायचे आणि दात होऊन जायचे. काम तिला आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं. तिने लग्न केलं नव्हतं आणि का केलं नाही हे विचारणारी माणसंसुद्धा एकेक करून विचारायची थांबली होती.

घरी आली की मात्र ती या पृथ्वीवर राहत नसे. अंतराळयानं, जादूगारांची राज्यं, समुद्राच्या तळाशी वसलेली गावं, असल्या गोष्टींचं तिला लहानपणापासून वेड होतं. वय वाढलं की हे खूळ उतरेल, असं आई म्हणायची. आई गेली, पण खूळ काही उतरलं नाही. महिन्याकाठी सात-आठ पुस्तकांचा फडशा पडायचा. त्यांतली सगळ्यात आवडलेली तीन निवडून, खाकी कागदात गुंडाळून ती दुसऱ्या शहरात राहणाऱ्या धाकट्या बहिणीला पाठवायची. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी फोन व्हायचा.

"बोल छोटे, या महिन्यात काय आवडलं?"

आणि छोटी बोलायची! थोरलीला दर वेळी नवल वाटायचं, कारण शाळेत असताना हीच मुलगी धडा अर्धा वाचून झोपी जायची. आता तिला काय काय सुचायचं! समुद्राखालच्या गावात घरोघरी हवा पोचवणाऱ्या बाईची एक कादंबरी होती. ती वाचून छोटी म्हणाली, "सगळं खरं गं ताई, पण त्या हवेच्या नळांना पाणी आत येऊ न देणारी उलटी झडप कुठेच नाही. पहिल्याच दिवशी गाव बुडून मेलं असतं." थोरली पोट धरून हसली होती. दुसऱ्या एका गोष्टीत दूरच्या ग्रहावर एकटा राहिलेला पहारेकरी सुटकेच्या यानाची वाट बघत असतो. थोरलीने ती दोनदा वाचली होती, दोन्ही वेळा रडली होती. छोटी फोनवर एवढंच म्हणाली, "तो वाट बघत नव्हता, ताई. टाकीत इंधन होतं की त्याच्या. त्याला जायचंच नव्हतं."

त्या दिवशी फोन ठेवल्यावर थोरलीने ती गोष्ट तिसऱ्यांदा वाचायला घेतली. आपल्याला इतकं ओळखणारं जगात एक माणूस आहे, एवढ्यावर तिचे पुढचे चार आठवडे निघायचे.

छोटीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळे त्याला लिफ्टवालेच म्हणायचे. माणूस सज्जन, पण मूग गिळून बसणारा. थोरली कधी राहायला गेली की "आलात का, बरं झालं" म्हणायचा आणि हत्यारांची पिशवी उचलून बाहेर पडायचा. नऊ वर्षांत त्या दोघांचं मिळून एक पानभरही बोलणं झालं नसेल.

मागच्या वर्षी तो कामावरच छातीत कळ येऊन गेला. थोरली धावत गेली. भेटायला येणाऱ्यांना खुर्च्या दिल्या, फोन घेतले, छोटीला बळेबळे दोन घास भरवले. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं नाही. वाईट वाटलं ते बहिणीसाठी.

काही महिने तिने पुस्तकं पाठवली नाहीत. मग वाटलं, पोरीचं मन कशात तरी रमायला हवं. पुन्हा तीन निवडली, गुंडाळली, पाठवली. रविवारी फोन केला.

"काय आवडलं?"

"छान होती गं तिन्ही."

"ती आंधळ्या ड्रॅगनची?"

"हो, तीपण छान. ड्रॅगन मस्त होता."

त्या पुस्तकात ड्रॅगन म्हातारी मादी होती आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तिला "आजी" म्हटलं होतं. थोरलीने ते मनावर घेतलं नाही. दुःखात माणसाचं लक्ष लागत नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. पण पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्याही महिन्यात तेच. "छान होतं," "वेगळं होतं," आणि मग घाईघाईने, "तुझी तब्येत कशी आहे?" शेवटी थोरलीने रजा टाकली आणि बहिणीचं घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी छोटी बँकेत गेली होती. वाचायला काहीतरी हवं म्हणून थोरली बाहेरच्या खोलीतल्या कपाटाशी गेली. वरच्या दोन फळ्यांवर तिनेच पाठवलेली पुस्तकं होती, वाचून वाचून फुगलेली. तिने एक काढलं. पानांच्या कडेला काळे ठसे उमटले होते, रुंद अंगठ्याचे, ग्रीसचे. दुसरं काढलं, तिसरं काढलं. सगळीकडे तोच अंगठा. खालच्या फळीवर खाकी पुडकी होती. तिने स्वतः मारलेल्या सुतळीच्या गाठी तशाच शाबूत होत्या.

छोटी आली तेव्हा पुडकी टेबलावर मांडलेली होती. तिने ती पाहिली, हातातली पिशवी खाली ठेवली आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसली.

"तू यांतलं एकही उघडलं नाहीस," थोरली म्हणाली.

"नाही."

"आणि वरची?"

छोटीने मान खाली घातली. "ती सगळी हे वाचायचे."

"म्हणजे?"

"मला ते कधी झेपलंच नाही गं. पहिलं पुडकं आलं तेव्हा दहा पानं वाचली आणि डोकं दुखायला लागलं. पण तू इतक्या हौसेने पाठवलेलं. मग यांनीच उचललं. रोज जेवण झालं की थोडं थोडं वाचायचे. आणि शनिवारी संध्याकाळी मला समोर बसवून शिकवणी घ्यायचे. हे असं सांग, ते तसं सांग, इथे ताई अडकतील, तेव्हा हे बोल."

"ती उलटी झडप?"

"मला झडप कशाशी खातात हे तरी ठाऊक आहे का?"

"आणि तो पहारेकरी? त्याला जायचंच नव्हतं, ते?"

"तेही यांचंच."

थोरलीचा आवाज चढला. "इतकी वर्षं तू मला बनवलंस, छोटे! त्यांना तोंड नव्हतं का? फोन घ्यायला काय झालं होतं त्यांना?"

"मी कितीदा म्हटलं, तुम्हीच बोला ना. म्हणायचे, नको, त्यांना तुझ्याशी बोलायचं असतं." छोटी आता रडत होती. "फोन चालू असला की दारात उभे राहायचे. मी हसले की खुणेने विचारायचे, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या? फोन ठेवला की तुझं सगळं बोलणं मला पुन्हा त्यांना सांगावं लागायचं. एक शब्द गाळू द्यायचे नाहीत."

थोरली उठून स्वयंपाकघरात गेली. पाणी प्यायचं म्हणून भांडं घेतलं आणि तशीच ओट्याशी उभी राहिली. तो माणूस या घरात कितीदा तिच्या समोरून गेला होता. एकदा तिने त्याला "मीठ द्या" म्हटलं होतं, त्याने दिलं होतं. तिला आता हुंदका आला, आणि आला तो थांबेचना. पण हे रडू कोणाचं म्हणून रडायचं? आत बसली होती ती त्याची बायको. हिचं त्याच्याशी नातं विचारलं असतं कोणी, तर बहिणीचा नवरा, यापलीकडे सांगण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं.

बऱ्याच वेळाने छोटी मागे येऊन उभी राहिली.

"ताई, आता नको पाठवूस. मला नाही जमत."

"मग बोलायचं कशावर आपण?"

छोटीने नाक पुसलं. "माझा गुडघा दुखतो," ती म्हणाली. "सहा महिने झाले. तू विचारलंच नाहीस."

विचारलं नव्हतं हे खरंच होतं. त्या दिवशी थोरलीला कळलं की नवरा गेल्यापासून छोटी पलंगावर झोपत नाही, बाहेरच्या खोलीत सोफ्यावर पाय दुमडून झोपते. तशा झोपण्यानेच गुडघा धरला होता. दोघींनी मिळून पलंग हलवला, लिफ्टवाले झोपायचे ती बाजू भिंतीला लावली. छोटी एकदा आडवी होऊन पाहून आली. "बघू," म्हणाली.

निघताना थोरलीने वरच्या फळीवरचं एखादं पुस्तक मागावं का, असा विचार केला. मग मागितलं नाही. ती त्याची होती. खाकी पुडकी तेवढी तिने पिशवीत घातली.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी फोन झाला. गुडघ्याला शेक दिला का, शेजारणीचा मुलगा लागला का नोकरीला, नळ गळायचा थांबला का. दोघींनी मनापासून विचारलं, मनापासून सांगितलं. विषय संपले तेव्हा सकाळचे साडेदहाही वाजले नव्हते.

थोरली पुस्तक घेऊन बागेत गेली. एका गावावरचा चंद्र हळूहळू खाली उतरत येतो आणि लोकांना त्याच्यासाठी घरं मागे सरकवावी लागतात, अशी ती गोष्ट होती. शेवटचं प्रकरण इतकं सुरेख उतरलं होतं की तिने पुस्तक मिटलं आणि आपोआप मान वर केली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक गृहस्थ बुटाची नाडी बांधत होते.

"फार छान आहे," ती म्हणाली.

"काय?"

"हे. पुस्तक."

"अच्छा," गृहस्थ म्हणाले. त्यांनी दुसरीही नाडी घट्ट केली, तिच्याकडे पाहून सौजन्याने हसले आणि पळायला निघून गेले.

थोरली थोडा वेळ त्या वाटेकडे बघत राहिली. ऊन पायावरून बाकावर चढत होतं. मग तिने पिशवीतून पुढचं पुस्तक काढलं.