मागं जागा नसलेली गाडी

"मागं जागा नसलेली दाखव," फत्तेसिंग तिसऱ्यांदा म्हणाला.

काचेच्या काउंटरवर रिमोटच्या तीन गाड्या मांडल्या होत्या. एक पिकअप, मागं उघडा हौदा असलेली. एक जीप, टपावर सामान बांधायची जाळी. आणि एक ट्रक, फुगलेल्या चाकांचा. फत्तेसिंगनं तिन्ही बोटानं बाजूला सारल्या. जावई निहार मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता. आठवडाभर व्हिडिओ बघून त्यानं सासऱ्याच्या पहिल्या गाडीसाठी चांगला चौदा रकान्यांचा तक्ता केला होता.

"बाबा, बिगिनरसाठी ट्रकच बेस्ट असतो. उलटला तरी काही होत नाही. सगळे रिव्ह्यू हेच म्हणतात."

"म्हणू देत. चालवायची त्यांनी का मी?"

"पण मागच्या जागेचा इश्यू काय आहे? आपल्याला तिथं काही ठेवायचंच नाहीये."

"तेच म्हणतोय, जावईबापू. ठेवता येऊच नये."

निहारनं दुकानदार मंजुनाथकडं बघून हसू दाबलं. म्हातारा चळलाय, असं ते हसू होतं. फत्तेसिंगला ते दिसलं आणि त्याची तळपायाची आग मस्तकात गेली. पण दुकान परक्याचं, वेळ सकाळची, आणि लेक घरी वाट बघत बसलेली. त्यानं राग गिळला.

आता ह्या पोराला काय कप्पाळ सांगायचं? फत्तेसिंगनं एकतीस वर्षं शववाहिनी चालवली होती. सरकारी नोकरी, खाकी शर्ट, पांढरी गाडी. ती गाडी तिसऱ्या गिअरवर कधी गेली असेल तर शपथ. पुढं तमटे, इकडच्या हलग्या, बडवत पोरं नाचायची, दोन्ही बाजूंना काचेला हात लावून नातेवाईक चालायचे, फुलं उधळायचे, आणि मागं कुणीतरी निजलेलं असायचं. रिकामी गाडी परत आणतानाही पुढचा पत्ता खिशात असायचा. ह्या बेंगळुरात सगळ्या जगाला घाई, एक फत्तेसिंग तेवढा एकतीस वर्षं माणसाच्या चालीनं गेला.

प्रेताची किळस त्याला कधी आली नाही. प्रेत बिचारं गप पडून असतं, न्याल तिथं येतं. किळस यायची ती बरोबर आलेल्यांची. येलहंकाला एका घरी आई अजून अंगणात होती, तर दोन मुलगे तिच्या बांगड्यांवरून हातघाईवर आले. कुणी नाकाला अत्तराचा रुमाल लावून त्यालाच सांगायचं, गाडी स्वल्प लांब लावा, पाहुणे जेवायला बसलेत. काम झालं की मळकी गादी आणि चुरगळलेले हार गाडीतच टाकून निघून जायचे, टाका म्हणे तुम्हीच कुठंतरी. "शी! माणसं का काय ही!" मल्लेश्वरमच्या घरी येऊन दाराबाहेरच्या नळावर हातपाय धुताना तो रोज म्हणायचा. बायकोला, सोयराबाईला, ते इतकं पाठ झालं होतं की तो तोंड उघडायच्या आत ती आतून म्हणायची.

भावकी तरी काय वेगळी? इतक्या लग्नांत एकदा कुणी त्याला नवरदेवाची गाडी चालवायला दिली असेल तर सांगा. आणि रम्याच्या, त्याच्या एकुलत्या लेकीच्या लग्नात पुण्याच्या व्याह्यांना कळलं ते एवढंच की मुलीचे वडील आरोग्य खात्यात आहेत. कुणी सांगितलं? ह्याच निहारनं. फत्तेसिंग शेजारी उभा होता, मुठीत अक्षता घेऊन. त्यानं त्या टाकल्या. लेकीचं लग्न होतं.

मागच्या महिन्यात निवृत्त झाल्यावर तो एका सकाळी मैदानावर फिरायला गेला, तर चारपाच बाप्ये रिमोटच्या गाड्या पळवत होते. धूळ उडवत, उड्या मारत, सुसाट. पुढं कुणी नाचत नाही, मागं कुणी निजलेलं नाही. दीड तास तो कुंपणाला टेकून उभा राहिला. घरी येऊन लेकीला म्हणाला, "मला तसली एक पाहिजे." बापानं जन्मात पहिल्यांदा काही मागितलं म्हणून रम्यानं नवऱ्याला कामाला लावलं. फत्तेसिंगचं मागणं एवढंच होतं: एकदा, मागं कुणी नसताना, जोरात जायचं. आणि हे शहाणे त्याला हौद्याची गाडी दाखवत होते.

"हे बेडा," तो मंजुनाथला कन्नडमध्ये म्हणाला. "नको म्हणतोय ना? दुसरी काढ."

मंजुनाथ चाळिशीचा, गोड बोलणारा गडी. त्यानं फळीवरून एक गाडी उतरवली. बुटकी, निमुळत्या नाकाची, चारी चाकं अंगाबाहेर काढलेली. मागं नुसता एक आडवा पंख.

"ही बगी, अंकल. हिच्यात काडेपेटीपण ठेवायला जागा नाही."

फत्तेसिंग वाकला. चारी बाजूंनी बघितली. मागून दोनदा बघितली.

"सरी, चालेल," तो म्हणाला. "ही."

"बाबा, ही फार फास्ट आहे. माझ्या लिस्टमध्ये ही दहाव्या नंबरला आहे."

"मग नऊ खोडा."

मंजुनाथ हसला आणि त्यानं रिमोट फत्तेसिंगच्या हातात दिला. पिस्तुलासारखी मूठ, कडेला छोटं चाक, बोटाखाली घोडा. फत्तेसिंगनं चाक हळूच डावीकडं वळवलं, परत मध्ये आणलं.

"हात एकदम स्थिर आहे तुमचा. ड्रायव्हर होता काय?" मंजुनाथनं कन्नडमध्ये विचारलं.

त्यातला 'ड्रायव्हर' तेवढा निहारला कळला. तो हिंदीत घाईघाईनं बोलला, "हां हां, गव्हर्नमेंट ट्रान्सपोर्ट में थे. सीनियर पोस्ट पे."

फत्तेसिंगनं जावयाकडं बघितलं. लग्नात एक वेळ ठीक. पण इथं? एका खेळण्यांच्या दुकानात, ज्याला आपण ओळखत नाही, परत भेटणार नाही, त्याच्यापुढंही?

"ट्रान्सपोर्ट नाही," तो कन्नडमध्ये म्हणाला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "हेणाची गाडी. एकतीस वर्षं."

हेण म्हणजे प्रेत. एवढं कन्नड निहारलाही येत होतं. त्याचे कान लाल झाले.

"हो काय," मंजुनाथ अदबीनं म्हणाला. "मोठं काम, अंकल. एक मिनिट हं, सेल बघतो." त्यानं रिमोट परत घेतला, काउंटरखाली नेला आणि पिवळ्या फडक्यानं पुसायला लागला. आधी मूठ, मग घोडा. मग परत मूठ. काउंटर काचेचा आहे हे त्या बेट्याच्या ध्यानातच नव्हतं.

थुंकावं असं फत्तेसिंगला वाटलं. अगदी तिथंच, त्या चकचकीत फरशीवर. मोठं काम म्हणे! तोंडानं मोठं काम आणि हातात फडकं.

"चला बाबा," निहार कुजबुजला. "दुसरीकडं बघू." त्याला लाज दुकानदाराची वाटत होती की सासऱ्याची, देव जाणे.

"का? गाडीनं काय केलंय?" फत्तेसिंग जागचा हलला नाही. "पुसून झालं असेल तर दे रे इकडं. आणि नीट पूस. चाक राहिलंय."

मंजुनाथचा हात काचेखाली तसाच थांबला. त्याचा चेहरा उतरला.

"तसं नाही, अण्णा..." अंकलचा आता अण्णा झाला होता.

"तसंच आहे. तू पहिला नाहीस, भिऊ नकोस. चल, चालवायला दे."

दुकानामागं एक अरुंद गल्ली होती, एका टोकाला बंद फाटक, दुसऱ्या टोकाला दुकानाच्या पायऱ्या. मंजुनाथनं बगी खाली ठेवली. "नवीन माणसाला आम्ही निम्म्या जोरावर लावून देतो," तो खाली बघत म्हणाला. "हे बटण आहे त्याला."

"पूर्ण ठेव."

"बाबा, प्लीज. आधी हाफवर शिका."

"एकतीस वर्षं हाफवरच होतो, जावईबापू. शिकून झालं माझं."

त्यानं घोडा ओढला. बगी भुंग्यासारखी किंचाळली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच फाटकापाशी पोचली. फत्तेसिंगच्या तोंडून "अय्यो!" निघालं. फाटकाशी त्यानं ती वळवली, झक्क वळवली, आणि परत आपल्याकडं सोडली. ती सुसाट येत होती, पंख थरथरत होता. पायऱ्या चुकवायला त्यानं चाक उजवीकडं फिरवलं. एकतीस वर्षं आत बसून चालवणारे हात ते. आणि गाडी समोरून येत असली की तिचं उजवं आपलं डावं होतं, हे त्या हातांना कुणी सांगितलंच नव्हतं. बगी त्याच्या उजवीकडं वळायची ती डावीकडं गेली आणि थाडकन पायरीवर आदळली.

फत्तेसिंग गेला, गुडघ्यावर बसला आणि त्यानं ती उचलली, एक हात नाकाखाली, एक हात पंखाखाली, जशी माणसं उचलायची सवय होती तशी. पुढचं एक चाक वाकडं लोंबत होतं.

"संपली," तो म्हणाला. मिळून दहा सेकंद झाले असतील. आपल्या हातात जे येतं ते असंच असतं, असं त्याला वाटलं आणि स्वतःचीच शिसारी आली.

मंजुनाथ धावत आला, त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं फत्तेसिंगच्या हातांखाली आपले हात घालून बगी सावरली. "कुठली संपतेय? चाकाचा आर्म तुटलाय, अण्णा. वर आहे, बसवू."

"बसतो?"

"ह्या गाडीचा स्क्रू न स्क्रू सुटा मिळतो. ती खेळण्यातली मोडली की कचऱ्यात. ही मोडायची आणि परत चालवायची."

"परत चालते?"

"उद्या नाही, आत्ता चालते."

फत्तेसिंगनं त्याच्याकडं बघितलं. हा परत गोड बोलतोय काय, हे ताडायला बघितलं. एकतीस वर्षं त्यानं नेलं ते नेलंच होतं. त्यातलं काही उठून चाललं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला स्वतःचाच राग आला.

मंजुनाथनं वरून नवा आर्म आणि स्क्रू आवळायची एल-की आणली, आणि बसवायला हात पुढं केला.

"तू नको. मी बसवतो. कसं ते सांग."

तो पायरीवर बसला. निहार आधी उभाच होता, मग आपली इस्त्रीची पँट सावरत शेजारी बसला आणि निघालेले स्क्रू तळहातावर धरले. बारीक होते, एक पडला, तो त्यानं गुडघे टेकून हुडकला. फत्तेसिंगनं आर्म लावला, पिन सरकवली, चारही स्क्रू आवळले. बोटानं चाक फिरवलं. ते फिरलं.

"नवी पॅकबंद देऊ, अण्णा? ही डेमोची आहे."

"हीच दे. मी मोडलीय, मी बसवलीय."

"बाबा, आता हाफवर लावायचं का?" निहारनं विचारलं. मग मघाचं आपलं खोटं दुरुस्त करायला हवं म्हणून की काय, मंजुनाथकडं वळून हिंदीत म्हणाला, "शववाहिनी चलाते थे. एकतीस साल."

फत्तेसिंगनं बगी जमिनीवर ठेवली, नाक फाटकाकडं केलं आणि रिमोट उचलला.

"आर्म अजून दोन काढून ठेव," तो मंजुनाथला म्हणाला. "आज परत मोडणार." आणि त्यानं घोडा पूर्ण ओढला.